पारखी बदलला, नाणे तेच!

सोनेतारण कर्ज देणाऱ्या शाखेत मी काही वर्षे काढली. बँकेच्या सोनाराने केलेले मूल्यमापन पटले नाही, की ग्राहक म्हणायचा, "साहेब, दुसऱ्याला दाखवू या." मागणी रास्तच असे. मात्र दुसऱ्याचा दाखला आला म्हणून पहिल्याचा फाडून टाकायची सोय नव्हती. दोन्ही कागद फायलीला लागत.

अमेरिकेतील नाण्यांच्या बाजारात नेमकी हीच फाईल नाही. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी बसवली. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. १९८६ पासून पीसीजीएस आणि १९८७ पासून एनजीसी या कंपन्या शुल्क घेऊन नाणे तपासतात, गुण देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. ६५ आणि ६६ यांतला फरक सामान्य डोळ्याला दिसत नाही. काही नाण्यांच्या किमतीत मात्र तो कित्येक पटींचा असतो.

म्हणून मालक ६५ गुणांचे नाणे दुसऱ्या कंपनीकडे धाडतो. डबीसकट धाडले, तर निदान आधीचा निकाल परीक्षकासमोर असतो. अनेकजण डबीच फोडतात आणि नाणे कोरे करून पाठवतात. जुनी चिठ्ठी कंपनीला परत केली नाही, तर तिच्या नोंदीत एकाच नाण्याची दोन नाणी होतात!

यात गैर काय, असे कुणी विचारील. परीक्षकही माणूसच, चुकतो, तर दुसरे मत का घेऊ नये? जरूर घ्यावे. पण गुण कमी करून घ्यायला कुणी पुन्हा शुल्क भरतो काय? चुकून कमी पडलेले गुण पुन्हा रांगेत येतात. चुकून जास्त पडलेले डबीत सुखाने नांदतात. अशा बाजारात गुण हळूहळू वरच सरकणार. डबीवरच्या गुणांना नाणे खरोखर शोभते का, हे पाहून हिरवी टिकली चिकटवणारी सीएसी ही संस्था २००७ मध्ये निघाली, ती उगाच नव्हे. परीक्षकांनाही परीक्षक लागला!

आपल्याकडे पूर्वी पोतदार नाणी पारखत असे. झिजलेल्या नाण्याला बट्टा लागे. 'नावाला बट्टा लागणे' हा शब्दप्रयोग तिथलाच. आज आपलेही संग्राहक व्हिक्टोरिया राणीचे रुपये या परदेशी डब्यांत बंद करून आणतात. त्यांना एवढेच सांगणे: दुसरे मत घ्या, पण पहिले लपवू नका. आणि घेणाऱ्याने चिठ्ठीआधी नाणे पाहावे. डबीतला रुपया वाजवून घेता येत नाही. निदान डोळे तरी उघडे ठेवता येतात.