निपाणीचा तंबाखू आणि यादीबाहेरचा आजार

चाळिशीच्या आतला, विडी ओढणारा माणूस. थोडं चाललं की तळपाय भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. मग दुखण्याने रात्रीची झोप जाते आणि एक दिवस बोट काळं पडतं. सगळ्यांना आधी शुगरचीच शंका येते. शुगर नसेल, तर बर्जरचा आजार आठवायला हवा. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी कापलेल्या पायांच्या रक्तवाहिन्या तपासून १९०८ साली त्याचं वर्णन केलं.

रक्तवाहिन्यांच्या दाहाचे आजार आज बहुतेक ठिकाणी चॅपेल हिल परिषदेच्या यादीप्रमाणे लावतात. १९९४ची ही यादी २०१२ मध्ये सुधारली. मोठ्या धमन्यांचा ताकायासू, मध्यम वाहिन्यांचा, लहान मुलांना होणारा कावासाकी, मूत्रपिंड-फुप्फुसांना धरणारे बारीक वाहिन्यांचे आजार, अशी ती मांडणी आहे. बर्जरला तिच्यात जागा नाही. त्याला कारणंही आहेत. यात दाह मुख्यतः अडकलेल्या गुठळीत असतो, वाहिनीची भिंत बरीचशी शाबूत राहते, रक्ताच्या तपासण्या बहुधा नॉर्मल येतात. स्टेरॉइडनेही फायदा होत नाही.

पण जो आजार यादीत नाही, तो डॉक्टरच्या मनातूनही सुटतो. आपल्या भागात हे परवडणारं नाही. निपाणी म्हणजे विडीच्या तंबाखूची पेठ. याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींसोबत शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात काही जण जिवानिशी गेले. पिकवणाऱ्याला किंवा वखारीत राबणाऱ्या बाईला दोष देणं मला मान्य नाही. पाय मात्र वाचवलाच पाहिजे.

त्यासाठी जपानच्या शिओनोया यांचे निकष इथे जास्त कामाचे वाटतात: तंबाखूची सवय, पन्नाशीच्या आत सुरुवात, गुडघ्याखालच्या धमन्या बंद, हातालाही त्रास किंवा जागा बदलत सुजणाऱ्या शिरा, आणि मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा अभाव. यातलं बरंचसं नीट विचारून आणि घोट्याजवळची नाडी चाचपून कळतं. खात्रीसाठी डॉपलर आणि अँजिओग्राफी आहेच.

उपचारात सगळ्यात मोठी गोष्ट तंबाखू पूर्ण सोडणं. दिवसाला एक-दोन विड्यांनीही आजार पेटता राहतो, खाण्याच्या तंबाखूनेही. बोट काळं पडण्याआधी ज्यांनी पूर्ण सोडला, त्यांच्यावर पाय कापायची वेळ क्वचितच येते.

निपाणी, चिकोडी, बेळगावच्या डॉक्टरांना विनंती आहे: तरुण माणसाच्या दुखऱ्या पायाच्या केसपेपरवर तंबाखूची नोंद पहिल्या ओळीत करा. आणि घरच्यांनो, बोट काळं पडायची वाट पाहू नका.