विकत घेतलेल्या सिनेमाची कॉपी काढली, तर गुन्हा?

बारामती-इंदापूरच्या कित्येक घरांत टीव्हीखालच्या कपाटात मराठी सिनेमांच्या व्हीसीडी-डीव्हीडी अजून जपून ठेवलेल्या आहेत. प्लेअर मात्र बंद पडलाय, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. मग पैसे मोजून घेतलेला सिनेमा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला, तर चालेल का?

कायदा काय सांगतो?
कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार सिनेमाची प्रत काढण्याचा हक्क त्याच्या कॉपीराइट मालकाचा. डिस्क तुमची, सिनेमा त्यांचा! पण कलम ५२ खासगी वापरासाठी ‘रास्त वापरा’ची मुभा देते. आधी ही मुभा साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरती होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती सिनेमालाही मिळाली.

डीव्हीडीचे ‘कुलूप’ तोडले तर?
विकतच्या अनेक डीव्हीडींवर कॉपी रोखणारे डिजिटल कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडल्यास कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे ‘हेतू’ महत्त्वाचा. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी हे कलम आड येत नाही.

मग घोळ कुठे?
‘रास्त’ म्हणजे नेमके किती, हे कायद्यात लिहिलेले नाही. सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवता येते, असे कलम ५२ स्पष्ट सांगते. अख्ख्या सिनेमाच्या प्रतीबाबत असे वाक्य नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये खासगी प्रतीला परवानगी दिली, ती २०१५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने रद्द केली.

आमचे मत
सॉफ्टवेअरला जो न्याय, तोच सिनेमाला हवा. मूळ डिस्क जवळ असेल, तर घरात पाहण्यासाठी एक प्रत काढता येते, एवढे एक वाक्य कायद्यात आले तरी पुरे. त्यात निर्मात्याचे नुकसान नाही. त्याचे पैसे त्याला आधीच मिळालेत. साध्या प्रेक्षकाला ‘रास्त’चा अर्थ लावत बसायला लावणे बरे नव्हे.

तोपर्यंत हे लक्षात ठेवा
प्रत घराबाहेर जाऊ देऊ नका. पैसे घेऊन मेमरी कार्डात सिनेमे भरून देणे किंवा ग्रुपवर टाकणे म्हणजे खासगी वापर नव्हे. धंद्यासाठी केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. मूळ डिस्क विकलीत, तर प्रतही पुसून टाका. हक्क मागायचा, तर आपली बाजूही स्वच्छ हवी.