पंपवाल्याची स्मरणशक्ती आणि यंत्राचा पडदा

पाण्याचे पंप, लिफ्ट, जनित्रे, वातानुकूलन आणि अग्निशमनाची व्यवस्था ह्या सर्वांवर एकाच पडद्यावरून नजर ठेवणारे सॉफ्टवेअर आज मुंबई-पुण्यात सहज मिळते. ते नीट चालविले तर बिघाड आधी कळतो, वीज वाचते आणि जीवितास असलेला धोकाही कमी होतो. असे असता कितीतरी उंच इमारतींचा कारभार अजून फाटक्या रजिस्टरावर आणि एखाद्या जुन्या पंपवाल्याच्या स्मरणशक्तीवर का चालावा? ‘व्यवस्थापक मागासलेले आहेत,’ असे ह्यावर विकणाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते. ते आम्हांस मान्य नाही.

व्यवस्थापकाची स्थिती तरी पाहा! लिफ्ट वर्षभर सुरळीत चालली तर त्याला कोणी शाबासकी देत नाही. ती एक दिवस अडली की चौदाव्या मजल्यापर्यंतचे सारे रहिवासी त्याच्यावर तुटून पडतात. यशाचे श्रेय नाही आणि अपयशाचे खापर मात्र ठरलेले, अशा जागी बसलेला मनुष्य नव्या प्रयोगास धजणार कसा? शिवाय यंत्रणेचे पैसे मालकाने मोजायचे आणि विजेचे बिल भाडेकरूचे उतरायचे, असा प्रकार असेल तर मालक तिजोरी कशाला उघडील? व्यवस्थापकाची तिसरी भीतीही खुळी नव्हे. २०१३ साली अमेरिकेतील टार्गेट ह्या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली, तेव्हा चोर आत शिरले ते शीतयंत्रांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा परवलीचा शब्द चोरून!

मग पाऊल पुढे पडते केव्हा? बहुधा कायद्याने पाठीवर हात ठेवला म्हणजे. न्यूयॉर्कने २०१९ साली २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींच्या कर्बवायूवर मर्यादा घातली आणि २०२४ पासून मर्यादेबाहेरच्या दर टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड ठरविला. तेथे विजेचा हिशेब ठेवणे ही हौस उरली नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या आगीने ७२ माणसांचा बळी घेतला, त्यानंतर २०२२ च्या कायद्याने उंच निवासी इमारतींच्या सुरक्षेची सर्व माहिती संगणकावर अद्ययावत ठेवणे बंधनकारक झाले. शहाणपण आले, पण केवढ्या किमतीने!

आपण ती किंमत मोजलेली नाही काय? २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल्सच्या आगीत १४ जण गेले. आपल्याकडे २००६ चा अग्निसुरक्षा कायदा आहे. दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दाखल करावे लागते. परंतु प्रमाणपत्र सांगते ते तपासणीच्या दिवसाचे सत्य. मधल्या सहा महिन्यांत टाकी कोरडी पडली, पंपाची कळ कोणी बंद करून ठेवली, तर त्या कागदाला त्याचा पत्ता कोठून लागणार? रोजची नोंद आपोआप ठेवणारे यंत्र उपयोगी पडते ते नेमके येथेच.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शासनाने सहामाही कागदाबरोबर रोजची नोंदही मागावी. मालकांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी यंत्र विकत घेण्यापूर्वी व्यवस्थापकाला विचारावे, त्याला शिकण्यास अवधी द्यावा आणि प्रारंभीच्या चुकांसाठी त्याला फासावर चढवू नये. इमारतीची माहिती इमारतीचीच राहील, विक्रेता बदलला तरी ती हाती येईल, हे करारात लिहून घ्यावे. आणि पडद्यावरची सूचना मराठीत असावी. कारण रात्री दोन वाजता ती वाचणारा मनुष्य पंपाच्या खोलीत बसलेला असतो, संचालकांच्या दिवाणखान्यात नव्हे. त्याचा विश्वास बसला तरच यंत्र जागे राहील. नाहीतर पडदा भिंतीवर लुकलुकत राहील आणि खाली टाकी कोरडी असेल!