क्यूआर कोड आला, पुढे काय?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची बोली अजूनही ट्रॉलीभोवती उभं राहूनच लागते. भाव मात्र लगेच गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतो. यूपीआय आणि ई-नाम हा शेतमालाचा ऑनलाइन बाजार, दोन्ही २०१६ मधलीच. पहिलं चहाच्या टपरीपर्यंत गेलं; दुसरं प्रतवारी, गोदामं आणि वाहतुकीपाशी अडखळतं. म्हणूनच या अंकाचा विषय ‘डिजिटल भारत’ असा ढोबळ न ठेवता आम्ही ‘तालुक्याचं अर्थकारण’ असा ठेवला आहे.

पैसा मोबाइलवरून फिरू लागला म्हणून तो तालुक्यातच राहतो असं नाही. ऑनलाइन खरेदीत तो गावच्या दुकानाला वळसा घालून बाहेर जातो. याउलट, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागल्याने तलाठ्याकडची खेप वाचली (रेंज असेल तर, अर्थात!). आम्हांला हा बदल जास्त मोलाचा वाटतो.

अंकातले लेख बाजार समिती, बचत गट आणि किराणा दुकान इथून या सगळ्याकडे पाहतात. तुमच्या गावात मोबाइलमुळे कोणता धंदा वाढला, कोणता बसला? नावं नकोत, तपशील हवेत. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.