आद्याक्षरांआडची बंदूक

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा लसीकरण किंवा बालकांचे पोषण यांपैकी एखादा नेहमीचाच विषय घ्यावा असे मनात होते. परंतु गेल्या खंडेनवमीला एका स्नेह्यांच्या घरी घडलेला प्रसंग मनातून जाईना, म्हणून थोडी वाट वाकडी करीत आहे. बालरोगतज्ज्ञाने बंदुकीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. ते का लिहावे लागले, हेच पुढे सांगायचे आहे.

स्नेही भालकी तालुक्यातील जुने बागायतदार. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. पूजेत कोयता, विळा, वजनकाटा यांच्या शेजारी तीही हळदकुंकू लावून ठेवली होती. त्यांचा पाच वर्षांचा नातू पाटाशी बसून तिच्या चापाशी खेळत होता. मी सहज म्हणालो, "अण्णा, घरात लेकरू आहे, ही एरवी कुठे ठेवता?" अण्णांना तो आक्षेप वाटला. सामान्य माणसाला शस्त्र बाळगण्याचा हक्क कसा हवा, यावर ते बराच वेळ बोलले. मी पुन्हा नातवाकडे बोट दाखविताच ते हसून म्हणाले, "डॉक्टर, एनपीबी आणि पीबी यांतला फरक सांगता येईल तुम्हाला? डीबीबीएल म्हणजे काय? नाही ना? मग या विषयात तुम्ही पडू नका."

मी गप्प बसलो. घरी परतताना लक्षात आले की, त्यांचा मुद्दा पटला म्हणून मी गप्प बसलो नव्हतो; ती अक्षरे कळली नाहीत म्हणून बसलो होतो. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ही युक्ती मला अनोळखी नव्हती. गेली पंचवीस-तीस वर्षे मी स्वतः कित्येक आईबापांना याच रीतीने गप्प बसविले आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या अक्षरांचा अर्थ शोधला. एसबीबीएल म्हणजे मागून काडतूस भरावयाची एकनळी बंदूक. डीबीबीएल म्हणजे तशीच दुनळी. एसबीएमएल म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडी असलेली ठासणीची बंदूक. 'बोअर' म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. सर्वसाधारण परवानाधारकाला मिळू शकते ते शस्त्र एनपीबी, आणि .३०३ सारख्या लष्करी मापाचे, सामान्यांस सहसा न मिळणारे ते पीबी. 'आरकेबीए' हे अमेरिकेतून जसेच्या तसे उचललेले बिरुद. त्याचा अर्थ शस्त्र बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क, एवढाच. हे सारे समजून घ्यायला मला दहा मिनिटे लागली. पण माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दहा मिनिटांत मिळाले नाही, कारण ते त्या अक्षरांत नव्हतेच.

परिभाषा निरुपयोगी असते असे मला म्हणावयाचे नाही. परवाना देणाऱ्या कचेरीला, पोलिसांना, न्यायवैद्यक प्रयोगशाळेला नेमके शब्द लागतातच. धारवाडला ३० ऑगस्ट २०१५ रोजी डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची आणि बेंगळुरूला ५ सप्टेंबर २०१७ रोजी गौरी लंकेश यांची हत्या झाली. दोन्ही ठिकाणच्या ७.६५ मिलिमीटरच्या गोळ्या व पुंगळ्या ताडून पाहूनच एकच गावठी पिस्तूल वापरले गेल्याचा निष्कर्ष कर्नाटकच्या प्रयोगशाळेने काढला. तेथे परिभाषा सत्य शोधण्याच्या कामी आली. माझा आक्षेप आहे तो त्याच परिभाषेचे कुंपण घालून, ज्याचे लेकरू त्या घरात खेळते त्याला बोलण्यापासून रोखण्याला.

व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील एक घटना सांगतो. औरादकडील एका खेड्यातून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तिचा बाप रात्री आला. तुरीत शिरणारी रानडुकरे हाकण्यासाठी आजोबांनी ठासणीची बंदूक भरून खुंटीला टांगली होती. थोरल्या भावाने ती खाली काढली आणि बार उडाला. छर्रे मुलीच्या चेहऱ्यात आणि डाव्या डोळ्यात गेले. मी रक्तस्राव थांबविला, सलाईन लावले आणि कागदावर लिहिले: जीएसडब्ल्यू, एफबी प्लस, एमएलसी, रेफर. परिचारिकेला म्हणालो, "आधी एमएलसी करून घ्या." बाप हात जोडून उभा राहिला. "एमएलसी साहेबांना कशाला बोलवता, डॉक्टरसाहेब? आमची त्यांची ओळख नाही."

त्याच्या लेखी एमएलसी म्हणजे विधान परिषदेचे आमदार. आमच्या लेखी पोलिसांना कळविण्याजोगे प्रकरण. त्या वेळी आम्ही दोघे-तिघे हसलो, याची मला आज लाज वाटते. मुलीला हैदराबादला नेईपर्यंत डोळ्यात काय झाले आहे, डोळा वाचेल की जाईल, हे त्याला मराठीत कोणीही सांगितले नव्हते. नंतरच्या पोलिसी कागदांत ती बंदूक 'एसबीएमएल' झाली होती आणि मुलगी 'इंजुअर्ड'. डोळा गेला. पण "भरलेली बंदूक लेकरांच्या हाताला लागेल अशी टांगू नका" हे साधे वाक्य डॉक्टरांच्या कागदात नव्हते आणि पोलिसांच्या कागदातही नव्हते.

शस्त्रांचा प्रश्न आज ज्या देशात सर्वांत उग्र आहे, त्या अमेरिकेत हे कुंपण फार पूर्वीच घातले गेले. तेथे कोणी बंदूकबंदीविषयी बोलू लागला, की त्याचा शब्द पकडला जातो. एआर या अक्षरांचा अर्थ 'असॉल्ट रायफल' नसून 'आर्मालाइट' या कंपनीचे नाव होय, क्लिप वेगळी आणि मॅगझीन वेगळे, असे त्याला सुनावले जाते. ही दुरुस्ती बरोबर असते. पण ती होईपर्यंत चर्चेतील मूल बाजूला पडलेले असते. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हुक शाळेत वीस मुले मारली गेली, सारी सहा-सात वर्षांची. त्या रायफलीला काय म्हणावे, यावर त्यानंतर किती शाई खर्ची पडली असेल!

आपल्या व्यवसायाशी तर हा वाद थेट भिडला. घरी बंदूक आहे काय आणि ती कुलपात असते काय, असे बालरोगतज्ज्ञ पालकांना विचारीत. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये कायदा करून अशा विचारण्यावर बंधने आणली. ती घटनाबाह्य ठरून रद्द होण्यास २०१७ साल उजाडले. २०१८ च्या नोव्हेंबरात तेथील नॅशनल रायफल असोसिएशनने डॉक्टरांना आपापल्या वाटेने जाण्याचा जाहीर सल्ला दिला. त्यावर शल्यविशारदांनी रक्ताने माखलेल्या कपड्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करून आपली वाट हीच आहे असे उत्तर दिले. २०२० मध्ये त्या देशात १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने वाहन अपघातांना मागे टाकून पहिला क्रमांक गाठला. ही वाट बालरोगतज्ज्ञाची नाही, असे कोण म्हणेल?

हक्काच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी वेडगळ समजत नाही. या सीमाभागात बंदुकीविषयीच्या ओढीला इतिहास आहे. रझाकारांच्या दिवसांत आपल्या वडीलधाऱ्यांनी रात्री कशा जागून काढल्या, हे आपण ऐकत वाढलो. त्याचबरोबर सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर काय घडले, तेही विसरता येत नाही. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदविले, त्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर आपले गुलबर्गा आणि बीदरही होते. आणि या वेळी जीव व घरे गमावणारे बहुतांशी मुसलमान शेजारी होते. शस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले, भीती मात्र गावातच राहिली. आजही शेतातले एकटे घर असते, रानडुकरे असतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये बीदर शहरात भर दिवसा बँकेसमोर गोळ्या झाडून एटीएमची रोकड लुटली गेली. भीती खरी आहे. तिच्यावर मोकळेपणाने बोलले पाहिजे.

आणि असे बोलता येते, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी भारतीयांना निःशस्त्र केले, हा आपल्या पुढाऱ्यांचा जुना सल. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. आपल्या भागात पोलीस कारवाईला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. दोन्ही बाजू शाळकरी मुलालाही समजाव्यात अशा होत्या: एकीकडे नागरिकाचा स्वाभिमान, दुसरीकडे समाजाची सुरक्षितता. आपल्याच राज्यातील कोडगूच्या लोकांना परवान्यातून जी सूट आहे, ती २०२९ पर्यंत वाढविली गेली आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. कैलपोळदच्या सणाला आम्ही शस्त्रे पूजतो, ही आमची परंपरा आहे, असे ते सांगतात. ते पटो वा न पटो, कळते तरी. कळले म्हणजे प्रत्युत्तर देता येते.

आता आपल्याकडे वळतो. २०२० च्या आरंभी एका कुपोषित बाळाच्या आईला मी म्हणालो, "याला एनआरसीत भरती करावे लागेल." ती बाळाला छातीशी धरून उठली आणि निघून गेली. माझ्या मनात पोषण पुनर्वसन केंद्र होते. त्या दिवसांत घराघरांत एनआरसीचा अर्थ नागरिकत्वाची नोंदवही असा होता आणि तिच्या मोहल्ल्यात त्या अक्षरांची धास्ती होती. आशा कार्यकर्तीला पाठवून, दख्खनीत समजावून तिला परत आणावे लागले. मराठी, कन्नड, दख्खनी, लंबाणी अशा चार भाषा ज्या बाह्यरुग्ण विभागात रोज बोलल्या जातात, तेथे आपण पाचवीच भाषा बोलतो, आणि ती कोणाच्याच घरची नसते.

आपण असे का करतो? वेळ वाचतो, हे एक कारण. दुसरे कारण आपण सहसा उच्चारीत नाही. न कळणाऱ्या शब्दांपुढे माणूस प्रश्न विचारीत नाही, आणि प्रश्न न विचारणारा पालक सोयीचा असतो. अण्णांनी मला गप्प केले तेव्हा त्या सोयीची दुसरी बाजू मी प्रथमच अनुभवली.

म्हणून व्यवसायबंधू-भगिनींपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली: घरात रॉकेल कुठे ठेवता, कीटकनाशकाचा डबा कुठे असतो, विहिरीला कठडा आहे का, हे आपण खेड्यातील पालकांना विचारतोच; त्यातच "घरी बंदूक आहे का, ती रिकामी करून कुलपात असते का, काडतुसे वेगळी ठेवता का" हेही विचारावे. मोजक्याच घरांत 'हो' असे उत्तर येईल, पण त्याच घरांसाठी तो प्रश्न आहे. दुसरी: २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ओळखीखातर 'फिट' हा एक शब्द लिहून सही करू नये. माणसाशी बसून बोलावे. दारू, झोप, राग, घरातील भांडणे यांविषयी विचारावे. तिसरी: समोरच्याच्या भाषेत सांगता येत नाही असे एकही आद्याक्षर पालकांपुढे उच्चारू नये. ही शिस्त मी स्वतःला लावून घेतो आहे आणि अजून रोज चुकतो आहे.

नागरिकांनाही एक विनंती. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली; वरातीत बेदरकारपणे हर्षाचे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हे समजून घेण्यासाठी बोअरचे माप ठाऊक असावे लागत नाही. कोणी अक्षरे फेकलीच, तर "याचा मराठीत अर्थ काय" असे न लाजता विचारा. मग आपला मूळ प्रश्न पुन्हा विचारा.

मीही तेच केले. दिवाळीत अण्णांकडे फराळाला गेलो तेव्हा म्हणालो, "दुनळी, काडतुसाची, बिनमनाईच्या मापाची, हे आता मला कळले. आता सांगा, ती कुठे असते आणि किल्ली कुठे असते?" अण्णा काही क्षण बोलले नाहीत. उत्तर नातवानेच दिले. तो धावत देवघरात गेला आणि समईमागून किल्ली काढून घेऊन आला.

त्यानंतर किल्ली अण्णांच्या कमरेच्या करगोट्याला असते, असे त्यांच्या सूनबाईंनी मला दवाखान्यात सांगितले. हक्काविषयीचा आमचा वाद अजून संपलेला नाही. तो आता मराठीत चालतो.