उचलू नकोस, मिस्ड कॉल देतोय!

'निघाले की मिस कॉल मारते, तू खाली येऊन थांब.' हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही ऐकलं नाही, असा माणूस दादरपासून डेक्कनपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. आता यातली गंमत बघा. फोन लावायचा, पण बोलायचं नाही. समोरच्याने तो उचलायचा नाही. चुकून उचललाच, तर 'अरे, उचललास कशाला? पैसे गेले ना माझे!' म्हणून वर ओरडा खायचा. बोलण्यासाठी बनवलेलं एवढं भारी यंत्र आपण विकत घेतलं आणि लगेच काय शोधून काढलं, तर न बोलता त्यावरून काम कसं साधायचं!

अनलिमिटेड पॅकच्या जमान्यात हे सगळं एकदम क्यूट वाटतं. पण मंडळी, ऑफिसात 'कन्झ्युमर इनसाइट' नावाची स्लाइड बनवणाऱ्या प्रत्येकाने मिस्ड कॉलचा नीट अभ्यास करायला हवा. टेक्नॉलॉजी आणि लोकांच्या सवयी एकत्र आल्या की धंदा कसा उभा राहतो, आणि शेवटी पावती कोणाच्या नावाने फाटते, हे याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मीटर कोणाचं पळणार?

भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांनी ऐकलं. त्या काळात बोलायचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या घरात होता. आणि कहर म्हणजे आलेला फोन घ्यायलाही पैसे पडायचे. कोणी राँग नंबर लावला तरी मीटर आपलंच पळणार!

मग आलं २००३ साल. १ मेपासून 'जो फोन करेल तो भरेल' असा नियम लागू झाला आणि इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी रिलायन्सने 'मान्सून हंगामा'मध्ये ५०१ रुपये भरून मोबाइल घरी न्या, म्हणून जाहिरात केली. टॉर्चवाला नोकिया ११०० आला तोही २००३ मध्येच. हातात फोन आला, इनकमिंग फुकट, आउटगोइंगला मात्र पैसे. आता 'फुकट ते पौष्टिक' हा ज्या समाजाचा फंडा, तो यातून काय मार्ग काढेल हे सांगायला एमबीए कशाला हवं?

खरं तर ही आयडिया लँडलाइनच्या काळातलीच. 'गावी पोचलो की दोन रिंग देऊन ठेवून देतो' म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतातच. पण तेव्हा फोनवर नंबर दिसत नव्हता. त्या दोन रिंग काकांच्याच की आणखी कोणाच्या, हे नशिबावर सोडावं लागायचं. मोबाइलने स्क्रीनवर नाव दाखवलं आणि काम पक्कं झालं. दुसरी सोय बिलिंगची. समोरच्याने उचलल्याशिवाय पैसे कापले जात नव्हते. तिसरी गोष्ट प्रीपेडची. पोस्टपेडवाल्याला बिल महिन्याने कळतं. प्रीपेडवाल्याला प्रत्येक कॉलनंतर उरलेला बॅलन्स डोळ्यासमोर दिसतो. दहा रुपयांचा रिचार्ज मारून आठवडा काढायचा असेल, तर माणूस तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करणारच ना!

यातली एकही सोय कंपन्यांनी मिस्ड कॉलसाठी केलेली नव्हती. लोकांनी फट हेरली आणि तिचा दरवाजा केला.

एक रिंग, दोन रिंग

मग तयार झाली एक अख्खी भाषा. एक रिंग म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, सलग तीन वेळा म्हणजे अर्जंट आहे, तूच कॉल कर. रिक्षावाले, दूधवाले, हॉस्टेलवर राहणारी पोरं, त्यांच्या आया, सगळ्यांना ती यायची. आणि रात्री साडेअकराला येणारी ती एकच हळूच रिंग... तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

हा काही फक्त आपला चिंगूसपणा नव्हे हं! आफ्रिकेतल्या देशांतही हेच चाललं होतं. तिथे याला कुठे 'बीपिंग' म्हणायचे, कुठे 'फ्लॅशिंग'. जोनाथन डोनर या संशोधकाने रवांडातल्या मोबाइलधारकांशी बोलून या बीपिंगचे अलिखित नियम शोधले आणि २००७ मध्ये त्यावर पेपर लिहिला. पहिला नियम एकदम ओळखीचा: ज्याचा खिसा जड, त्याने कॉल लावायचा. म्हणजे साहेबाने हाताखालच्या माणसाला मिस्ड कॉल दिला तर ती हलकटपणाची कमाल! आणि मुलीवर इंप्रेशन मारायचं असेल तर तिला मिस्ड कॉल अजिबात देऊ नये, हेही तिथल्या लोकांनी सांगितलं होतं. किगाली असो की कोथरूड, बॅलन्स आणि इज्जत यांचं नातं सगळीकडे सारखंच.

आयत्या बिळावर नागोबा

एवढी माणसं एकच गोष्ट रोज करताहेत म्हटल्यावर धंदेवाईक डोक्यांच्या नजरेतून ते सुटणार थोडंच? २०१० मध्ये बंगळुरूत 'झिपडायल' नावाची कंपनी निघाली. स्थापन करणाऱ्यांत होती व्हॅलेरी वॅगनर नावाची अमेरिकन तरुणी. फंडा साधा होता. कंपन्यांना एक नंबर द्यायचा, ग्राहकाने त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, की त्याला एसएमएस किंवा उलट कॉल जाणार. ऑफर हवी? मिस्ड कॉल. मत नोंदवायचंय? मिस्ड कॉल. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ही कंपनी विकत घेतली, आणि ट्विटरची ती भारतातली पहिलीच खरेदी होती. म्हणजे आपल्या आईची 'दोन रिंग दे रे पोचलास की' ही आयडिया थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन पोचली!

कंपन्यांना हे एवढं का आवडलं? टोल फ्री नंबर ठेवला तर येणाऱ्या प्रत्येक कॉलचं बिल कंपनीला, शिवाय फोन घ्यायला माणसं बसवा. एसएमएस मागवला तर ग्राहकाला पैसे पडतात, वर इंग्रजी अक्षरात कोड टाइप करा. मिस्ड कॉलला ना पैसे, ना टायपिंग. लिहिता-वाचता न येणारी मावशीही तो देऊ शकते. आणि कंपनी उलट कॉल करणार तो आपल्या सोयीने, आपल्या वेळेला.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हरचं 'कान खजूरा तेसन'. बिहार आणि झारखंडच्या अनेक गावांत विजेचा पत्ता नसायचा, त्यामुळे टीव्हीवरच्या जाहिराती तिथे पोचणार कशा? पण मोबाइल पोचले होते. मग एका नंबरवर मिस्ड कॉल द्या, कंपनीचा फोन येईल आणि १५ मिनिटं गाणी आणि विनोद ऐकवेल. मधूनमधून साबण-शाम्पूच्या जाहिराती. कॉल हाच रेडिओ! २०१४ च्या कान महोत्सवात या कॅम्पेनने तीन गोल्ड लायन पटकावले.

२०११ मध्ये लोकपाल आंदोलनाला पाठिंबा द्यायला लोकांनी मिस्ड कॉल दिले. पुढे राजकीय पक्षांनी सभासद नोंदणीही त्याच वाटेने केली. जी गोष्ट दोन मैत्रिणींमध्ये 'खाली ये' एवढ्यापुरती होती, ती गर्दी मोजायचं यंत्र होऊन बसली.

रिंगवरून मारामारी

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं आणि सगळ्यांना वाटलं, संपला मिस्ड कॉल. पण नाही! २०१९ मध्ये त्याच्यावरून टेलिकॉम कंपन्यांचीच जुंपली. तेव्हा एका कंपनीच्या नेटवर्कवरून दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर कॉल गेला, की पहिलीने दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे असत. जिओचं म्हणणं होतं, दुसऱ्या नेटवर्कवरून आमच्याकडे रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल येतात, आमचे ग्राहक उलट फोन लावतात आणि भुर्दंड आम्हाला पडतो. दुसऱ्या बाजूचा आरोप असा, की जिओने रिंग वाजण्याचा वेळच कमी केलाय. फोन खिशातून काढेपर्यंत रिंग बंद, मग समोरचा उलट कॉल करतो आणि पैसे त्याच्या कंपनीला भरावे लागतात! शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ट्राय'ने ठरवून दिलं, की मोबाइलची रिंग ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजलीच पाहिजे. एका रिंगमध्ये किती पैसा दडलाय, याचा याहून मोठा पुरावा काय हवा? ती ६ पैशांची भानगड २०२१ च्या सुरुवातीला संपली.

आवळा देऊन कोहळा

आता मुद्द्याची गोष्ट. मैत्रिणीला मिस्ड कॉल दिला, तर तिला एवढंच कळायचं की तुम्ही निघालात. कंपनीला दिला, तर कंपनीला काय मिळतं? तुमचा चालू नंबर. तुम्ही फोन कधी केलात ती वेळ. नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तुम्ही कुठल्या राज्यातले, याचा अंदाज. प्रत्येक होर्डिंगवर वेगळा नंबर छापला असेल, तर तुम्ही कुठल्या होर्डिंगखाली उभे होतात तेही. वर 'यानेच आधी फोन केला होता' म्हणून पुढच्या प्रत्येक कॉलला परवानगी मिळाल्याचा समज. एक साधी रिंग, आणि हा सगळा ऐवज त्यांच्या वहीत! तुमचा एक रुपया वाचला, पण नंबर गेला.

त्याचे परिणाम तुमच्या-आमच्या स्क्रीनवर रोज वाजतात. नको असलेले कॉल रोखायची नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, २०११ मध्ये नियम आणखी कडक झाले, टेलिमार्केटिंगसाठी १४० ने सुरू होणारे नंबर आले. तरी भर मीटिंगमध्ये पर्सनल लोनवाली ताई यायची ती येतेच. भामट्यांनीही यात हात धुऊन घेतले. परदेशी नंबरवरून एक रिंग द्यायची आणि उत्सुकतेने उलट फोन करणाऱ्याला महागड्या लाइनवर लटकवायचं, या फसवणुकीला जपानी नाव आहे 'वानगिरी'. अर्थ अगदी आपलाच: एक रिंग आणि कट!

म्हणून आज काय झालंय, अनोळखी नंबर कोणी उचलतच नाही. फोन वाजतो, आपण बघत बसतो, थांबला की हुश्श करतो. पण त्यातला एखादा फोन इंटरव्ह्यूच्या निरोपाचा असतो. एखादा बाबांना बरं वाटत नाही म्हणून शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून आलेला असतो. पूर्वी बॅलन्स वाचवायला आपण मुद्दाम कॉल 'मिस' करायचो. आता जीव वाचवायला करतो, आणि त्यात कामाचेही निसटतात. बँकांसारख्यांचे खरे कॉल ओळखता यावेत म्हणून १६०० ने सुरू होणारी वेगळी नंबर सीरिज आता आणावी लागलीय. विश्वास उडाला की तो परत आणायचा खर्च हा असा असतो.

मग काय, मिस्ड कॉल वाईट? छे! पीएफमध्ये किती जमलेत ते बघायला नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला कॉल लावा. दोन रिंगनंतर आपोआप कट होतो आणि एसएमएस येतो. (त्यासाठी यूएएनची केवायसी पूर्ण असायला हवी, तेवढं बघा.) १ जानेवारी २०२१ पासून इंडेनचा सिलिंडर मिस्ड कॉलवर बुक करायची सोय झाली. ८ मार्च २०२२ ला साध्या फोनसाठी 'यूपीआय १२३ पे' आलं, त्यातही पैसे द्यायचा एक मार्ग मिस्ड कॉलचा आहे. इथे तुमचा नंबर त्यांच्याकडे आधीपासूनच आहे, काम एकच आहे आणि ते झालं की विषय संपला.

तेव्हा दोन कामं करा. एक, १९०९ वर डीएनडीची नोंदणी केली नसेल तर आजच करा. नोंदणीने सगळा त्रास थांबत नाही, पण तक्रार करायला पाय रोवून उभं राहता येतं. दुसरं, पुढच्या कॅम्पेनच्या मीटिंगमध्ये कोणी 'यूजर्सचे नंबर गोळा करूया' म्हणालं, की एवढंच विचारा: बदल्यात त्यांना काय देतोय, आणि काम झाल्यावर तो नंबर कुठे जाणार? चहा थंड होईपर्यंत शांतता पसरली, तर समजा की प्रश्न बरोबर जागी लागलाय.

दोन रिंगांत काम व्हायचं, त्याचं कारण पलीकडे कोण आहे हे माहीत असायचं आणि रिंगचा अर्थ दोघांनी मिळून ठरवलेला असायचा. कंपन्यांनी आपली रिंग उचलली, ते ठरवणं मात्र तेवढं विसरल्या!