कूस कुणाच्या मालकीची?



परवा गटाच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्तीने विचारलं, “शिक्षण, नोकरी, पाळणाघर सगळं सरकारने दिलं की बाईचा प्रश्न सुटला ना?” मला रुमानिया आठवला.

तिथे समाजवादी राजवट होती. बाई कारखान्यात होती, विद्यापीठात होती. तरीही ऑक्टोबर १९६६ मध्ये चाउशेस्कूच्या सरकारने ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर बंदी घातली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, चार मुलांच्या आया किंवा जिवाला धोका असलेल्या अशा थोड्याच बायकांना सूट होती. राष्ट्राला माणसं हवी होती! १९६७ मध्ये जन्म जवळपास दुप्पट झाले. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या, आकडे पुन्हा घसरले आणि सरकार आणखी चिडलं. पंचविशीनंतर मूल नसलेल्यांवर कर बसला. ऐंशीच्या दशकात कारखान्यांत बायकांची सक्तीने तपासणी होऊ लागली. गर्भनिरोधकं तर मिळतच नव्हती. चोरून केलेल्या गर्भपातांत सुमारे दहा हजार बायका दगावल्या, असा अंदाज आहे. नको असताना जन्मलेल्या मुलांनी अनाथालयं भरली.

डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली. नव्या सत्तेने अगदी सुरुवातीलाच जे हुकूम रद्द केले, त्यांत हाही होता. वर्षभरात मातामृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं.

हे सगळं दूरदेशीचं, असं म्हणून सुटका नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीत, आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. आणीबाणीत मुख्यतः पुरुषांच्या नसबंद्या झाल्या. त्यांचा रोष मतपेटीतून दिसला आणि पुढे या कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर आला. तिथे ‘जन्म द्या’, इथे ‘थांबवा’. हुकूम उलटे, पण समजूत एकच: कूस सरकारची.

२०२४ मध्ये आंध्र प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी जास्त मुलांचा आग्रह धरला. वारा पुन्हा फिरतो आहे. म्हणून मला वाटतं, आपली मागणी ‘कमी’ किंवा ‘जास्त’ अशी नसावीच. साधनं, दवाखाना, माहिती सरकारने द्यावी, निर्णय बाईचा. सवलती देणारं सरकार हुकूमही देऊ शकतं, हे विसरून चालणार नाही.

तुमच्या गावात, वस्तीत हा निर्णय कोण घेतं? बैठकीत बोला आणि आम्हाला जरूर कळवा.